पॅरिस शांतता परिषद (१९१९)

पॅरिस शांतता परिषद ही पहिल्या महायुद्धातील विजयी राष्ट्रांनी पराभूत राष्ट्रांशी करावयाच्या तहांच्या अटी निश्चित करण्यासाठी भरविलेली आंतरराष्ट्रीय परिषद होय. तिचे औपचारिक उद्घाटन १८ जानेवारी १९१९ रोजी पॅरिस येथे फ्रान्सच्या परराष्ट्र मंत्रालयात झाले. सुमारे तीस राष्ट्रांचे व स्वशासित वसाहतींचे प्रतिनिधी तिला उपस्थित होते. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन, ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड लॉईड जॉर्ज, फ्रान्सचे पंतप्रधान जॉर्ज क्लेमांसो आणि इटलीचे पंतप्रधान व्हित्तोरिओ ओर्लांदो यांनी परिषदेतील बहुतेक महत्त्वाचे निर्णय घेतले. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया व ऑटोमन साम्राज्य या पराभूत राष्ट्रांना अटी ठरविणाऱ्या बैठकांत स्थान नव्हते. परिषदेच्या कार्यातून पाच तह सिद्ध झाले. त्यांपैकी जर्मनीशी २८ जून १९१९ रोजी झालेला व्हर्सायचा तह सर्वांत महत्त्वाचा मानला जातो.

या परिषदेतील खरी घासाघीस जेते आणि पराभूत यांच्यात न होता जेत्यांच्या आपसातच झाली. प्रत्येक कलम ही मित्रराष्ट्रांमधील एखादी तडजोड होती. ती पुन्हा चर्चेस घेतल्यास आपली एकजूट मोडेल, ही भीती त्या राष्ट्रांना होती. त्यामुळे जर्मनीशी प्रत्यक्ष वाटाघाटी टाळण्यात आल्या आणि तहाला ‘लादलेला तह’ असे नाव जर्मनीत मिळाले.

## पार्श्वभूमी

८ जानेवारी १९१८ रोजी विल्सन यांनी अमेरिकी काँग्रेससमोर शांततेचे चौदा मुद्दे मांडले. गुप्त करारांचा त्याग, समुद्रावरील संचारस्वातंत्र्य, शस्त्रकपात, बेल्जियमची मुक्तता, स्वतंत्र पोलंड आणि राष्ट्रांचा एक सर्वसाधारण संघ ही त्यांतील प्रमुख सूत्रे होती. १९१८ च्या उन्हाळ्यानंतर पश्चिम आघाडीवर जर्मन सैन्य मागे हटू लागले. ऑक्टोबरच्या प्रारंभी जर्मन सरकारने युद्धविरामाची विनंती केली. ही विनंती ब्रिटन किंवा फ्रान्सकडे न करता विल्सन यांच्याकडे, आणि चौदा मुद्द्यांच्या आधारे करण्यात आली होती.

मित्रराष्ट्रांनी हा आधार दोन अपवादांसह मान्य केला. समुद्रावरील संचारस्वातंत्र्याचा अर्थ लावण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे राखला. तसेच जर्मन आक्रमणामुळे नागरिकांच्या जीविताची व मालमत्तेची जी हानी झाली तिची भरपाई जर्मनीने करावी, असे स्पष्ट केले. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी ५ नोव्हेंबर १९१८ च्या खलित्याद्वारे हे जर्मनीस कळविले. पुढे जर्मनीने सातत्याने असा दावा केला की, या पत्रव्यवहाराने दोन्ही पक्षांवर बंधन निर्माण झाले होते आणि तहातील अनेक अटी त्याच्याशी विसंगत होत्या.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रान्समधील काँपिएन्यच्या अरण्यात युद्धविरामावर सह्या झाल्या. त्यानुसार जर्मनीला व्यापलेला प्रदेश सोडावा लागला, तोफा, मशीनगन, रेल्वे इंजिने व युद्धनौका हवाली कराव्या लागल्या आणि ऱ्हाईन नदीच्या पश्चिमेकडील प्रदेशात मित्रराष्ट्रांच्या फौजा आल्या. सागरी नाकेबंदीही चालू राहिली. १९१९ च्या मार्चनंतर अन्नधान्याला वाट मिळाली, तरी नाकेबंदी पूर्णपणे जुलैमध्येच उठली. अशा रीतीने तहाची बोलणी सुरू होण्यापूर्वीच जर्मनीची पुन्हा लढण्याची शक्ती संपुष्टात आली होती.

## परिषदेची रचना

### प्राथमिक बैठक की अंतिम परिषद

पूर्वीच्या प्रथेप्रमाणे शांतता प्रस्थापित करण्याचे दोन टप्पे अपेक्षित होते. पहिल्या टप्प्यात विजयी राष्ट्रांनी आपसात एकमत करावयाचे आणि दुसऱ्या टप्प्यात पराभूतांना बोलावून अंतिम तह करावयाचा. पॅरिसमधील जानेवारीची बैठकही प्रथम अशी प्राथमिक बैठकच समजली जात होती. मात्र मित्रराष्ट्रांमधील मतभेद मिटविण्यातच वसंत ऋतू उजाडला आणि दुसरा टप्पा गळून पडला. सुरुवातीस अनेक मागण्या नंतर सूट देता यावी म्हणून जास्तीच्या मांडलेल्या होत्या. त्यांपैकी काही तशाच अंतिम मसुद्यात राहिल्या.

### प्रतिनिधित्व

सर्व राष्ट्रांना समान स्थान नव्हते. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि जपान या पाच महासत्तांना प्रत्येकी पाच पूर्णाधिकारी प्रतिनिधी देण्यात आले. बेल्जियम, सर्बिया व ब्राझील यांना तीन, तर ग्रीस, पोलंड, रुमानिया, चीन आदींना प्रत्येकी दोन जागा मिळाल्या. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व भारत यांना प्रत्येकी दोन आणि न्यूझीलंडला एक जागा स्वतंत्रपणे देण्यात आली. बोल्शेविक क्रांतीनंतर रशियाने जर्मनीशी वेगळा तह केला होता व तेथे यादवी युद्ध चालू होते. त्यामुळे रशिया परिषदेबाहेर राहिला.

### दहांचे मंडळ व चौघांचे मंडळ

सर्व प्रतिनिधींच्या पूर्ण बैठका मोजक्याच झाल्या आणि त्यांत प्रायः अन्यत्र घेतलेल्या निर्णयांना संमती देण्यात आली. आरंभी निर्णयाचे काम ‘दहांचे मंडळ’ पाहत असे. त्यात पाच महासत्तांचे प्रत्येकी दोन प्रतिनिधी होते. सीमा, नुकसानभरपाई, बंदरे, जलमार्ग, कामगारांचे प्रश्न अशा विषयांसाठी तज्ज्ञांची पन्नासच्या वर आयोगे व उपसमित्या नेमण्यात आल्या.

फेब्रुवारीत काम मंदावले. विल्सन व लॉईड जॉर्ज काही आठवड्यांसाठी स्वदेशी गेले होते आणि १९ फेब्रुवारीस क्लेमांसो यांच्यावर गोळीबार होऊन ते जखमी झाले. दहांच्या मंडळातील चर्चा वृत्तपत्रांपर्यंत पोहोचत असल्याचीही तक्रार होती. अखेर २४ मार्चपासून विल्सन, लॉईड जॉर्ज, क्लेमांसो व ओर्लांदो यांचे ‘चौघांचे मंडळ’ बंद दाराआड बसू लागले. आरंभी तेथे इतिवृत्त लिहिणारा सचिवही नव्हता. फ्रेंच दुभाषी पॉल मांतू यांच्या टिपणांतून त्या बैठकांचा वृत्तांत उपलब्ध झाला. निर्णयांची नोंद नसल्याने गोंधळ होऊ लागला, तेव्हा एप्रिलमध्ये ब्रिटनचे मॉरिस हँकी यांना सचिव म्हणून बैठकांत घेण्यात आले.

या रचनेचा एक परिणाम दूरगामी ठरला. प्रत्येक आयोगाने आपापल्या विषयापुरता मसुदा तयार केला. सर्व कलमे एकत्र केल्यावर जर्मनीवरील एकूण भार किती होईल, याचा विचार करणारी स्वतंत्र यंत्रणा नव्हती. ४४० कलमांचा पूर्ण मसुदा छापून झाल्यावर अनेक सल्लागारांनी तो प्रथमच सलग वाचला.

## प्रमुख राष्ट्रांची उद्दिष्टे

फ्रान्सचे सर्वोच्च उद्दिष्ट सुरक्षितता हे होते. युद्धात त्याचे तेरा लाखांहून अधिक सैनिक मृत्यू पावले होते, ईशान्येकडील औद्योगिक प्रदेश उद्ध्वस्त झाला होता आणि जर्मनीची लोकसंख्या फ्रान्सपेक्षा बरीच अधिक होती. १८७० नंतर दुसऱ्यांदा झालेले आक्रमण तिसऱ्यांदा होऊ नये, ही क्लेमांसो यांची भूमिका होती.

ब्रिटनच्या दृष्टीने मुख्य धोका दूर झालेला होता. जर्मन आरमार ताब्यात आले होते व जर्मन वसाहती साम्राज्याच्या सैन्यांनी जिंकल्या होत्या. युरोपातील व्यापार पूर्ववत होण्यासाठी जर्मनी सावरणे ब्रिटनला हितावह होते. दुसरीकडे, डिसेंबर १९१८ च्या सार्वत्रिक निवडणुकीत जर्मनीकडून युद्धाचा खर्च वसूल करण्याची भाषा झाली होती. एप्रिलमध्ये दोनशेहून अधिक खासदारांनी लॉईड जॉर्ज यांना तार पाठवून त्या आश्वासनांची आठवण करून दिली.

विल्सन यांना राष्ट्रसंघाची स्थापना सर्वांत महत्त्वाची वाटत होती. तहात राहून गेलेल्या उणिवा राष्ट्रसंघ पुढे दुरुस्त करील, असा त्यांचा विश्वास होता. यामुळे राष्ट्रसंघाला इतरांची संमती मिळविण्यासाठी अन्य बाबतींत तडजोड करण्याची वेळ त्यांच्यावर वारंवार आली. इटलीला १९१५ च्या लंडनच्या गुप्त कराराने कबूल केलेला प्रदेश हवा होता, तर जपानला चीनमधील शान्तुंग प्रांतातील जर्मन हक्क व उत्तर प्रशांत महासागरातील जर्मन बेटे हवी होती.

## वाटाघाटींतील प्रमुख वाद

### ऱ्हाईन आणि सार

मार्शल फर्दिनां फॉश यांनी ऱ्हाईन नदी ही जर्मनीची पश्चिम लष्करी सीमा व्हावी असा आग्रह धरला. नदीच्या पश्चिमेकडील जर्मन प्रदेश वेगळा काढल्यास तेथील लाखो जर्मनभाषकांच्या स्वयंनिर्णयाचा भंग होईल, म्हणून विल्सन व लॉईड जॉर्ज यांनी त्यास विरोध केला. त्याऐवजी मार्चच्या मध्यास त्यांनी क्लेमांसो यांना एक प्रस्ताव दिला: जर्मनीने विनाकारण आक्रमण केल्यास ब्रिटन व अमेरिका फ्रान्सच्या मदतीस येतील. क्लेमांसो यांनी तो स्वीकारला. त्याबरोबर ऱ्हाईनच्या पश्चिमेस १५ वर्षे मित्रराष्ट्रांच्या फौजा ठेवणे आणि पूर्व तीरापासून ५० किलोमीटरपर्यंतचा पट्टा सैन्यरहित करणे या अटी मिळविल्या.

कोळशाच्या खाणी असलेल्या सार खोऱ्यावरून बैठकांत तीव्र खटके उडाले. एप्रिलच्या प्रारंभी विल्सन यांनी आपले जहाज परतीसाठी सज्ज ठेवण्याचा आदेश दिला. शेवटी खाणी फ्रान्सला, प्रशासन राष्ट्रसंघाकडे आणि १५ वर्षांनी सार्वमत अशी तोड निघाली. १९३५ च्या सार्वमतात तेथील ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी जर्मनीत परतण्याचा कौल दिला.

### पोलंडची सीमा

चौदा मुद्द्यांत पोलंडला समुद्रापर्यंत मोकळी वाट आणि पोलिश वस्तीचा प्रदेश अशी दोन्ही आश्वासने होती. डान्झिग हे बंदर मात्र बहुसंख्य जर्मन वस्तीचे होते. तज्ज्ञांच्या आयोगाने ते पोलंडला देण्याची शिफारस केली. लॉईड जॉर्ज यांनी २५ मार्च १९१९ च्या फाँतेनब्लो टिपणात असा इशारा दिला की, मोठ्या संख्येने जर्मनांना परक्या सत्तेखाली ठेवल्यास ते नव्या युद्धाचे कारण होईल आणि जर्मनी बोल्शेविकांकडे झुकेल. त्याच आठवड्यात हंगेरीत बेला कुन यांचे साम्यवादी सरकार सत्तेवर आले होते. तडजोड म्हणून डान्झिग हे राष्ट्रसंघाच्या संरक्षणाखालील मुक्त नगर करण्यात आले. पोलंडला समुद्रापर्यंत मिळालेल्या पट्ट्यामुळे पूर्व प्रशिया उर्वरित जर्मनीपासून तुटला.

### नुकसानभरपाई

भरपाईचा प्रश्न सर्वांत किचकट होता. लॅन्सिंग खलित्यानुसार केवळ नागरी हानीची भरपाई मागता येत होती. या व्याख्येप्रमाणे उद्ध्वस्त फ्रान्स व बेल्जियमला मोठा वाटा मिळाला असता, परंतु ब्रिटनच्या वाट्याला मुख्यतः बुडालेल्या जहाजांपुरतीच रक्कम आली असती. दक्षिण आफ्रिकेचे यान स्मट्स यांनी असा युक्तिवाद केला की, सैनिकांच्या कुटुंबांना दिलेले भत्ते व निवृत्तिवेतन हीदेखील नागरी हानीच होय. विल्सन यांनी तो मान्य केला. यामुळे एकूण मागणी फुगली आणि ब्रिटनचा वाटा वाढला.

एकूण रकमेवर एकमत होणे अशक्य होते. व्यवहार्य आकडा जाहीर केला असता, तर ब्रिटन व फ्रान्समधील जनतेची निराशा झाली असती. मोठा आकडा अमेरिकी तज्ज्ञांना अवास्तव वाटत होता. म्हणून तहात आकडाच घातला नाही. नुकसानभरपाई आयोगाने १ मे १९२१ पर्यंत रक्कम ठरवावी आणि तोपर्यंत जर्मनीने २० अब्ज सुवर्ण मार्क मूल्याची फेड करावी, असे ठरले.

कलम २३१ हे याच पेचातून जन्मले. अमेरिकी शिष्टमंडळातील नॉर्मन डेव्हिस व जॉन फॉस्टर डलेस यांनी त्याचा मसुदा केला. जर्मनी व तिच्या सहकारी राष्ट्रांच्या आक्रमणामुळे झालेल्या सर्व हानीची जबाबदारी या कलमाने जर्मनीवर टाकली. पुढच्याच कलम २३२ मध्ये जर्मनीची साधनसंपत्ती एवढ्या भरपाईस अपुरी असल्याचे मान्य करून प्रत्यक्ष देणे विशिष्ट हानीपुरते मर्यादित केले. म्हणजे पहिले कलम मित्रराष्ट्रांतील मतदारांसाठी आणि दुसरे प्रत्यक्ष हिशेबासाठी होते. ऑस्ट्रिया व हंगेरी यांच्या तहांतही अशीच कलमे होती आणि कलम २३१ मध्ये ‘अपराध’ हा शब्द नव्हता. तरीही जर्मनीत ते ‘युद्धदोषाचे कलम’ म्हणूनच ओळखले गेले व राष्ट्रीय अपमानाचे प्रतीक बनले.

### इटली

इटलीने लंडन करारातील प्रदेशाखेरीज एड्रियाटिक समुद्रावरील फ्यूमे हे बंदरही मागितले. त्या कराराशी अमेरिकेचा संबंध नव्हता आणि फ्यूमे नव्या युगोस्लाव राज्यासाठी आवश्यक आहे, असे विल्सन यांचे मत होते. २३ एप्रिल रोजी त्यांनी ओर्लांदो यांना डावलून इटालियन जनतेला उद्देशून जाहीर निवेदन काढले. ओर्लांदो परिषद सोडून रोमला गेले आणि तेथे त्यांचे प्रचंड स्वागत झाले. मात्र त्यांच्या अनुपस्थितीत काम थांबले नाही. मेच्या प्रारंभी त्यांना रिकाम्या हाताने परतावे लागले आणि जूनमध्ये त्यांचे मंत्रिमंडळ पडले. ‘अर्धवट विजय’ ही भावना पुढे इटलीतील फॅसिस्ट चळवळीस पोषक ठरली.

### जपान आणि चीन

राष्ट्रसंघाच्या सनदेत वांशिक समानतेचे तत्त्व समाविष्ट करावे, असा प्रस्ताव जपानने मांडला. ११ एप्रिलच्या बैठकीत १७ पैकी ११ मते त्याच्या बाजूने पडली. अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सन यांनी एकमत नसल्याचे कारण देऊन तो नामंजूर ठरविला. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान विल्यम ह्यूज यांनी त्यास कडवा विरोध केला होता.

यानंतर शान्तुंगचा प्रश्न आला. इटली बाहेर पडलेला असताना जपानही निघून गेला तर राष्ट्रसंघच धोक्यात येईल, अशी विल्सन यांना भीती वाटली. शिवाय ब्रिटन व फ्रान्स १९१७ च्या गुप्त समझोत्यांनी जपानला बांधील होते. ३० एप्रिल रोजी तेथील जर्मन हक्क जपानला देण्याचा निर्णय झाला. चीन हेही युद्धातील मित्रराष्ट्र होते आणि त्याने हजारो मजूर युरोपात पाठविले होते. या निर्णयाच्या निषेधार्थ ४ मे १९१९ रोजी पेकिंगमध्ये विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. त्यातून उभी राहिलेली ‘चार मे चळवळ’ आधुनिक चिनी राष्ट्रवादाचा महत्त्वाचा टप्पा मानली जाते. चीनने व्हर्सायच्या तहावर सही केली नाही.

### वसाहती

जर्मन वसाहती सरळ ताब्यात घेणे स्वयंनिर्णयाच्या तत्त्वाशी विसंगत दिसले असते, आणि त्या परत करण्यास कोणी तयार नव्हते. म्हणून राष्ट्रसंघाच्या वतीने विजयी राष्ट्रांनी कारभार पाहण्याची मॅन्डेट पद्धती स्वीकारली गेली. तिचे तीन वर्ग होते. अखेरच्या वर्गातील प्रदेश, उदाहरणार्थ नैर्ऋत्य आफ्रिका व न्यू गिनी, मॅन्डेटधारी राष्ट्राच्या स्वतःच्या कायद्यांखाली चालविता येत असत. त्यामुळे प्रत्यक्षात ते जोडून घेतल्यासारखेच होते.

## जर्मनीपुढे तहाचा मसुदा

७ मे १९१९ रोजी व्हर्साय येथील त्रियानों पॅलेस हॉटेलमध्ये जर्मन शिष्टमंडळाच्या हाती मसुदा देण्यात आला. तोंडी चर्चा होणार नाही व हरकती पंधरा दिवसांत लेखी द्याव्यात, असे क्लेमांसो यांनी जाहीर केले. जर्मन परराष्ट्रमंत्री उलरिख फॉन ब्रॉकडॉर्फ-रान्त्साऊ यांनी बसूनच उत्तर दिले. युद्धाचा सर्व दोष एकट्या जर्मनीचा असल्याचे त्यांनी नाकारले आणि युद्धविरामानंतर नाकेबंदीमुळे मरण पावलेल्या नागरिकांचा उल्लेख केला.

मुदतवाढीनंतर २९ मे रोजी जर्मनीने विस्तृत प्रतिप्रस्ताव सादर केला. प्रादेशिक सवलतींच्या बदल्यात १०० अब्ज सुवर्ण मार्कपर्यंत बिनव्याजी रक्कम देण्याची तयारी त्यात होती. तो वाचून लॉईड जॉर्ज यांनी अटी सौम्य करण्याचा आग्रह धरला. क्लेमांसो बदलांना प्रतिकूल होते. विल्सन यांनीही इतक्या उशिरा जुळलेले सगळे पुन्हा उसवण्यास नाराजी दर्शविली. अप्पर सायलेशियात सार्वमत घेण्याची सवलत हा शेवटी झालेल्या थोड्या बदलांपैकी मुख्य बदल होता. एवढ्याशा सवलतीनेही दाखवून दिले की लेखी हरकतींना काही अर्थ होता; पण तिची मर्यादा मित्रराष्ट्रांच्या आपसातील एकमताने ठरत होती.

१६ जून रोजी निर्वाणीचा खलिता देण्यात आला. तह नाकारल्यास सैन्य पुढे नेण्याची तयारी फॉश यांनी केली होती. २० जून रोजी फिलिप शायडेमान यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. २१ जूनला स्कापा फ्लो येथे अडकवून ठेवलेले जर्मन आरमार त्याच्या खलाशांनी स्वतःच बुडविले. नव्या सरकारने २३ जून रोजी, मुदत संपण्यास थोडा अवधी उरला असताना, संमती कळविली. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यातील आरसेमहालात हेरमान म्युलर व योहानेस बेल यांनी जर्मनीतर्फे सह्या केल्या. १८७१ मध्ये याच दालनात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती, आणि सारायेव्हो येथील हत्येला त्या दिवशी पाच वर्षे पूर्ण झाली होती.

तहानुसार जर्मनीने युरोपातील सुमारे १३ टक्के भूभाग व सर्व वसाहती गमावल्या. अल्सेस-लॉरेन फ्रान्सला परत मिळाले. जर्मन भूसेना एक लाखापुरती मर्यादित झाली. रणगाडे, लष्करी विमाने व पाणबुड्या ठेवण्यास बंदी आली. ऑस्ट्रियाचे जर्मनीशी विलीनीकरणही राष्ट्रसंघाच्या संमतीवाचून निषिद्ध ठरले.

## इतर तह

ऑस्ट्रियाशी सेंट जर्मेनचा (१० सप्टेंबर १९१९), बल्गेरियाशी न्यूईचा (२७ नोव्हेंबर १९१९), हंगेरीशी त्रियानोंचा (४ जून १९२०) आणि ऑटोमन साम्राज्याशी सेव्हरचा (१० ऑगस्ट १९२०) तह झाला. यांपैकी सेव्हरचा तह अमलात आला नाही. मुस्तफा केमाल यांच्या नेतृत्वाखालील तुर्की राष्ट्रवाद्यांनी तो शस्त्रबळाने झुगारला. मित्रराष्ट्रांना १९२२-२३ मध्ये लोझान येथे तुर्कस्तानशी समोरासमोर बसून बोलणी करावी लागली. २४ जुलै १९२३ चा लोझानचा तह हा पहिल्या महायुद्धानंतरचा प्रत्यक्ष वाटाघाटींतून झालेला तह होय आणि त्या मालिकेत तोच सर्वाधिक टिकला.

## भारताचे प्रतिनिधित्व

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक व कामगार परदेशी पाठविण्यात आले होते. स्वतंत्र राष्ट्र नसतानाही भारताला परिषदेत दोन जागा मिळाल्या आणि पुढे तो राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य झाला. भारतमंत्री एडविन मॉन्टेग्यू, लॉर्ड सत्येंद्र प्रसन्न सिन्हा आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह हे प्रतिनिधी सरकारने नेमलेले होते. व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीने मॉन्टेग्यू व गंगासिंह यांच्या सह्या आहेत.

डिसेंबर १९१८ च्या दिल्ली अधिवेशनात राष्ट्रीय सभेने शांतता परिषदेसाठी लोकमान्य टिळक, महात्मा गांधी व सय्यद हसन इमाम यांची नावे सुचविली होती. टिळक त्या वेळी चिरोल खटल्याच्या निमित्ताने इंग्लंडमध्ये होते. त्यांना पॅरिसला जाण्यास परवानगी मिळाली नाही. तेव्हा त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र पाठवून भारतासाठी स्वयंनिर्णयाच्या हक्काची मागणी केली आणि विल्सन यांच्याकडेही निवेदन पाठविले. भारताचा प्रश्न परिषदेपुढे आला नाही. आयर्लंड, इजिप्त व कोरिया येथील राष्ट्रवाद्यांच्या प्रयत्नांचीही हीच गत झाली. स्वयंनिर्णयाचे तत्त्व विजयी राष्ट्रांच्या स्वतःच्या साम्राज्यांस लावले गेले नाही.

## अंमलबजावणी व परिणाम

व्हर्सायचा तह १० जानेवारी १९२० रोजी अमलात आला; परंतु त्यातील तडजोडींचा एक आधारस्तंभ तोपर्यंत ढासळला होता. अमेरिकी सिनेटने १९ नोव्हेंबर १९१९ रोजी व पुन्हा १९ मार्च १९२० रोजी तहाला आवश्यक मंजुरी नाकारली. त्यामुळे अमेरिका राष्ट्रसंघात आली नाही. फ्रान्सला दिलेली अमेरिकी हमी रद्द झाली आणि तिच्याशी जोडलेली ब्रिटिश हमीही गळून पडली. ज्या हमीच्या बदल्यात क्लेमांसो यांनी ऱ्हाईनची सीमा सोडली होती, ती फ्रान्सला कधीच मिळाली नाही. अमेरिकेने ऑगस्ट १९२१ मध्ये जर्मनीशी स्वतंत्र तह केला.

मे १९२१ मध्ये नुकसानभरपाईची रक्कम १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरविण्यात आली. तिच्यातील ८२ अब्जांचे रोखे जर्मनीची क्षमता वाढल्यावरच काढावयाचे होते, म्हणजे तातडीचे देणे ५० अब्जांचे होते. येथेही मोठा आकडा मुख्यतः विजयी देशांतील लोकमतासाठी होता. हप्ते थकल्यावरून १९२३ मध्ये फ्रान्स व बेल्जियमने रूर खोऱ्याचा ताबा घेतला. १९२४ च्या डॉज योजनेने व १९२९ च्या यंग योजनेने हप्ते कमी केले. १९३२ च्या लोझान परिषदेनंतर भरपाई व्यवहारतः संपली.

## मूल्यमापन

ब्रिटिश अर्थखात्याचे प्रतिनिधी जॉन मेनार्ड केन्स यांनी जून १९१९ मध्ये राजीनामा दिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शांततेच्या आर्थिक परिणामांविषयी पुस्तक लिहून तहावर कठोर टीका केली. भरपाईची मागणी जर्मनीच्या कुवतीबाहेरची असून ती सर्व युरोपला दारिद्र्यात लोटील, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुभाषी पॉल मांतू यांचे पुत्र, अर्थतज्ज्ञ एतिएन मांतू यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या मताचे सविस्तर खंडन लिहिले. मार्गारेट मॅकमिलन यांच्यासारख्या अलीकडील इतिहासकारांच्या मते दुसऱ्या महायुद्धाचा दोष थेट १९१९ च्या तहकर्त्यांवर टाकता येत नाही. मधल्या वीस वर्षांतील निर्णयांनाही तितकेच महत्त्व आहे.

तह फार कठोर होता की फार सौम्य, या वादाइतकाच महत्त्वाचा मुद्दा त्याच्या पालनाचा आहे. पराभूत राष्ट्राला तो मान्य नव्हता आणि तो पाळावयास लावण्यासाठी लागणारी विजयी राष्ट्रांची एकजूट सह्यांनंतर वर्षभरही टिकली नाही. ७ मार्च १९३६ रोजी जर्मन सैन्य ऱ्हाईनच्या सैन्यरहित पट्ट्यात शिरले, तेव्हा कोणत्याही राष्ट्राने त्यास शस्त्राने विरोध केला नाही.

## अन्य शांतता वाटाघाटींशी तुलना

१८१४-१५ च्या व्हिएन्ना परिषदेत पराभूत फ्रान्सचे प्रतिनिधी तालिरां यांना प्रवेश मिळाला. पोलंड व सॅक्सनीवरून विजयी राष्ट्रांत फूट पडताच त्यांनी तिचा उपयोग करून फ्रान्सला महासत्तांच्या बरोबरीने बसविले. पॅरिसमध्ये जर्मनीला दूर ठेवण्यामागे, त्यांच्या मतभेदांचा तिने असा लाभ घेऊ नये, हाही हेतू होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर सर्व प्रश्नांसाठी एकच परिषद भरली नाही. १९४५ च्या पॉट्सडॅम परिषदेत जर्मनीच्या व्यवस्थेची तत्त्वे ठरली. इटली, रुमानिया, हंगेरी, बल्गेरिया व फिनलंड यांच्याशी फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिस येथे तह झाले. जपानशी सप्टेंबर १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तह झाला. भारताने त्या परिषदेत भाग न घेता ९ जून १९५२ रोजी जपानशी स्वतंत्र तह केला. जर्मनीबाबत मात्र विजयी राष्ट्रांमध्ये शीतयुद्धामुळे एकमत होऊ शकले नाही. तिच्याविषयीचा अंतिम करार १२ सप्टेंबर १९९० रोजी मॉस्को येथे झाला. त्यावर चार विजयी महासत्तांबरोबर दोन्ही जर्मन राज्यांनीही सह्या केल्या.